घड्याळाच्या पट्ट्याचा वास

नंदुरबार,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सुनीचा नमस्कार. माय बरी आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो एवढंच. बा बरे आहेत. यंदा मिरची भरपूर आली आहे. मिरची वाळवायची सगळी पथारी लालभडक दिसते, आणि बा पहाटेच मिरची उलथायला जातात. फोनवर बोलताना माय शेजारी येऊन बसते आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र.

आधी घड्याळाचं. दिवाळीत तू पाठवलेलं घड्याळ मी रोज शाळेत घालते. घरातली मी पहिलीच शिकलेली, त्यात शिक्षिका, त्यामुळे ते हातात असलं की धीर येतो. पण महिन्याभरात चामडी पट्ट्याला वास यायला लागला. घामट, आंबूस आणि वर काहीतरी तिखट. शाळेत नूतन मॅडमनी खिडकी उघडली तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळेच. पट्टा साबणाने धुतला, तर वास वाढला.

शेवटी मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, चामडं धुवायचं नसतं, कुबट होतं. फडक्याने पूस, सावलीत वाळव, आणि रात्री खाण्याच्या सोड्याबरोबर डब्यात ठेव."

तसंच केलं. रात्री पट्टा छान असायचा. सकाळी निघताना डबा उघडला की परत ओलसर, परत तोच वास. मग मला वाटायला लागलं की हा वास आपल्या घराचाच आहे, माझ्या अंगाचाच. मी हात घासून घासून मनगट सोलून घेतलं. हे मायला सांगू नकोस.

आज सुट्टी म्हणून डबा लवकर उघडला. आत नुसता सोडा. घड्याळ चोरीला गेलं असं समजून मी धावत पथारीवर गेले, बांना सांगायला. आणि मिरचीच्या ढिगाआडच थांबले.

दादा, घड्याळ बांच्या हातात होतं.

शेजारी मिरची निवडणाऱ्या दिवलीमावशी त्यांना विचारत होत्या, "लोटनभाऊ, कितला वाजनात?"

बांनी बाही वर सारली, घड्याळाकडे बघितलं, मग हळूच सूर्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नऊ." तेव्हा साडेआठ झाले होते.

"नवं घड्याय शे का?"

"मन्हा भीमानी धाडेल शे. सुरतथीन."

पार्सल आलं त्या दिवशीचं मी तुला लिहिलं नव्हतं. "त्यानी चीजले मी हात लावाव नही," असं बा म्हणाले होते आणि जेवणावरून उठले होते. तू न सांगता सुरतेला गेलास ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. घरात तुझं नाव निघत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून मी प्रत्येक वेळी नुसतं 'बा बरे आहेत' लिहीत आले. पण तोच माणूस रोज पहाटे तुझं घड्याळ घालून सगळ्या पथारीला तुझं नाव सांगतो आणि मी शाळेला निघायच्या आत गुपचूप डब्यात ठेवतो.

तेवढ्यात मिरचीच्या खकाण्याने मला शिंका आल्या, एकीवर एक. बा वळले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

मी म्हटलं, "बा, पट्ट्याला वास येतो."

त्यांनी पट्टा नाकाला लावला. "मिरचीना वास शे. आपली मिरची वास मारस का?"

दिवलीमावशी हसून हसून खाली बसल्या. मलाही हसू आवरेना. बा हसले नाहीत. घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "त्यानी घड्याय धाडं. येळ कव्हय धाडी?"

वेळ कधी धाडणार, म्हणजे तू कधी येणार. दादा, हे बोलावणंच आहे. याहून सरळ शब्दात बांना येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. मी घरी येऊन मायला सांगितलं तर ती गुडघा विसरून उठली आणि तुझं अंथरूण उन्हात टाकून आली.

बांना उत्तर काय देऊ ते मला लिहून कळवू नकोस. त्यांना स्वतः येऊन सांग.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी सुनी