कासिमिरो उठला नाही

१२ ऑक्टोबर १९५९

नवरा आज तीनदा मेला! गावाबाहेरच्या कुरणात सिनेमावाल्यांनी मातीच्या विटांचा किल्ला उभारलाय — सव्वाशे वर्षांपूर्वी इथं टेक्सासात मेक्सिकन फौजेनं घातलेल्या वेढ्याचा. आम्हा मेक्सिकनांना काम एकच — सैनिकांचे निळे कोट घालून भिंतीवर चढायचं, गोळी खाऊन पडायचं. कासिमिरो म्हणाला, "मरणं सोपं गं, रेफुहिया. पाठ तेवढी धरते." हसलो दोघं. किती दिवसांनी!

१५ ऑक्टोबर

कोटांना बटणं लावायला मलाही बोलावलं. शेजारची ओबदुलिया म्हणते, "तुझा नेस्टर असता तर त्याला घोडा दिला असता."

असता? मग बोललेच नाही तिच्याशी. पोरगा कोरियाच्या लढाईत हरवलाय. पुढे सैन्यानं कळवलं — मेला असंच धरा. धरा म्हणे! कुणी पाहिलं?

१९ ऑक्टोबर

बटणं. बोटं सुजली.

२७ ऑक्टोबर

मोठी लढाई. तोफा, घोडे, नुसता धूर. मी कपड्यांच्या गाडीपाशी. शिट्टी झाली, कर्ण्यातून "उठा!" आलं. मेलेले उठले — कुणी सिगारेट पेटवली, कुणी धूळ झटकत शिव्या घातल्या. कासिमिरो उठला नाही.

धावले. डोळे उघडे होते.

"लागलं का?"

"नाही."

"मग ऊठ ना!"

तो आभाळाकडे बघत — "असाच पडला असेल का गं तो? उताणा की पालथा? शेजारी कुणी होतं का?"

नऊ वर्षांत हे पहिल्यांदा बोलला. मी किंचाळले — "गप्प बस! येणार आहे माझा नेस्टर!" सगळे बघायला लागले. दिग्दर्शकाचा माणूस आला, "काय म्हातारबा, मेलास की झोपलास?" लोक हसले.

"दोन मिनिटं, साहेब," कासिमिरो म्हणाला.

मी खाली बसले. मग त्याच्या शेजारी आडवीच झाले, त्या धुळीत. त्यानं माझा हात धरला. मग कुणी हसलं नाही.

२८ ऑक्टोबर

त्याला कामावरून काढलं. मीही सुई ठेवून आले. राजमा तसाच पडला.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. घरातल्या गेलेल्यांचे फोटो ओळीनं मांडायचे, पुढे मेणबत्त्या लावायच्या. दरवर्षी कासिमिरो नेस्टरचा फोटो हातात घेऊन उभा राहतो आणि मी तो काढून घेते.

आज गेलेल्या माणसांच्या ओळीत तो फोटो मी ठेवला.

मेणबत्ती त्यानं लावली.