दोन गाड्यांची एक मस्टँग

४ मे, र्युसेल्सहाइम

दार बंद होईना!

अनिमेषची मस्टँग लिफ्टवर घेतली. चाकं जमिनीवरून सुटली आणि उजवं दार चौकटीत अडकलं. खाली उतरवली — दार गुपचूप बंद. परत वर — परत अडकलं. उघड्या टपाची गाडी थोडी वाकतेच, मान्य. पण इतकी? इतकी वर्षं जुन्या अमेरिकन गाड्या तपासतेय, असं कधी पाहिलं नव्हतं.

अनिमेष शेजारीच उभा. ब्राउनश्वाइगला एकत्र शिकत होतो तेव्हापासून याला १९६६ची मस्टँग हवी होती. आता मिळाली. लाल, पांढऱ्या सीट्स, आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे इंजिनासकट सगळी मूळची.

‘काय गं, चेहरा का असा?’

‘आतलं कार्पेट काढून बघू दे आधी. चावी ठेवून जा.’

‘लतिकाला फिरवायचं कबूल केलंय!’

बायकोला दिलेला शब्द बाजूला ठेवून चावी देऊन गेला. जाताना बॉनेटवर हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

६ मे

कार्पेट काढलं. समोरच्या सीट्सच्या खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडवा सांधा. घासून सपाट केलेला, वर डांबरासारखा जाड काळा थर. दाराखालच्या पट्टीला चुंबक चिकटत नाही — नुसती पुट्टी! पुढच्या भागावरचा नंबर खरा आहे. मागचा पत्रा मात्र वेगळ्याच वर्षाच्या गाडीचा.

म्हणजे दोन मेलेल्या गाड्या. एकीचं तोंड, दुसरीची पाठ.

सांध्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबलाही नाही नीट. आत गेला.

७ मे

दोघांना बोलावून दाखवलं.

‘ही अस्सल नाही, हिला काही किंमत नाही, ते सगळं राहू दे,’ मी म्हटलं. ‘ही चालवू नकोस. वेगात असताना मधून तुटेल.’

लतिकाने तोंडावर हात ठेवला. ‘सुलेखाताई, दुरुस्त नाही का होणार?’

‘नाही गं.’

अनिमेषने सांध्यावरून बोट फिरवलं. मग एकदम — ‘तुला प्रत्येक गाडीत खोटच दिसते! अगं, मी हिच्यातून इथवर आलोय. काही झालं का?’ विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला. नंबर बंद.

मी म्हटलं, ट्रेलर मागवू. ऐकलं नाही. स्वतः चालवत घेऊन गेला. लतिका गाडीत बसली नाही, बसने गेली.

कोपऱ्यावर त्याने ब्रेक लावला. मागचा भाग किंचित उशिरा थांबल्यासारखा वाटला. भास असेल.

१९ मे

अनिमेषचा फोन. मस्टँग विकली! हायडेलबर्गच्या हृषिकेश आणि उर्जाला. आपल्याच मराठी मंडळातलं जोडपं, गेल्या वर्षी लग्न झालं त्यांचं.

‘त्यांना सांगितलंस?’

‘आल्झो... म्हणजे, त्यांनी विचारलं नाही.’

‘अनिमेष!’

‘मला ती दारात बघवत नव्हती. आणि नाही काही होत. तू उगाच घाबरवतेस.’

फोन ठेवला त्याने.

नियमाप्रमाणे माझा रिपोर्ट ग्राहकाचा. परस्पर तिसऱ्याला सांगता येत नाही. जेवताना हे मीच मला दोनतीनदा समजावलं. ताट तसंच ठेवून उठले.

२१ मे

नियम गेला खड्ड्यात. हायडेलबर्गला गेले. दाराला कुलूप.

शेजारच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, ‘सकाळीच गेले की! ऑस्ट्रियाला. टप उघडा टाकून. किती छान दिसत होते दोघं!’

ऑस्ट्रिया. म्हणजे आधी ऑटोबानचा सुसाट रस्ता, मग घाट.

हृषिकेशने संध्याकाळी फोन उचलला. मी सांधा, पुट्टी, सगळं एका दमात सांगितलं. तो नम्रपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘अनिमेषकाका म्हणाले होते तुमचा फोन येईल. तुम्हालाच हवी होती ना ही गाडी?’

‘नाही रे बाबा!’ मी म्हटलं.

मागे उर्जा हसत होती. वारा होता, पाण्याचा आवाज होता. ‘मावशी, काळजी करू नका, मस्त चालते,’ तो म्हणाला. त्यानंतर फोन उचलत नाही.

२२ मे

अनिमेषला लिहिलं — त्या पोरांना काही झालं तर ते तू केलेलं असेल. मी लतिकालाही सांगेन आणि पोलिसांनाही.

वाचलंय त्याने. 

२३ मे

अपघाताच्या बातम्या वाचत बसलेय. लाल गाडी म्हटलं की बातमी शेवटपर्यंत वाचते.

२४ मे

उर्जा आणि हृषिकेश सुखरूप. ट्रेनने घरी पोचले. उर्जाने रडत फोन केला.

काल अनिमेष त्यांच्या हॉटेलवर गेला होता. कुणालाही न सांगता. सगळं खरं सांगितलं, दोघांची माफी मागितली, चावी मागून घेतली. लतिकाला तिथूनच फोन केला. ती म्हणाली, ट्रेलर मागव. तर म्हणे, ‘हळू आणतो गं. शेवटचं एकदा चालवू दे.’

उल्मच्या अलीकडे उतार आहे.

पोलिसांनी लतिकाला ओळख पटवायला बोलावलंय. मी सोबत निघाले.