रोड म्हणलं ती पांदण

श्रावण, गुरुवार, दिवेलागणीला

जमलं एकदाचं! सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. भावानं मुलीकडच्यांना फोनवर बिनधास्त सांगितलेलं, "नायगावपासून आमच्या दारापर्यंत रोड आहे." कसला रोड? आपल्याकडं या एका इंग्रजी शब्दात काय काय बसवतात! डांबरी सडक रोड, मुरमाची वाटही रोड, अन् शेताशेतांतून जाणारी गुडघाभर चिखलाची पांदणही रोडच. याच पांदणीपायी माझ्या भाच्याची, दिगंबरची, आधीची स्थळं परत गेली. पोरगा किती गुणाचा!

मुलीचे वडील जीप फाट्यावर सोडून चालत आले. चपला हातात, पाय चिखलानं माखलेले. भाऊ त्या चपलांकडंच बघत राहिला. मला राहवलं नाही. म्हणाले, "पाहुणे, रोड आम्ही लाजून म्हणतो. ही पांदण हाय. पावसाळाभर गाडी येत न्हाई. पोरगी द्यायची तर हे बघून द्या."

भावानं डोळे वटारले. उगाच बोलले का मी? मोडलं तर?

पाहुण्यांनी चपला खाली ठेवल्या अन् हसायलाच लागले. "अक्का, आमच्या दारात बी अशीच पांदण हाय की! म्हणून तर पोरगी उदगीरला तिच्या मामाच्या घरी दाखवली तुम्हाला. त्येचं घर सडकंला लागून हाय!"

भाऊ केवढा हसला, किती दिवसांनी! चहाच्या आधीच सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर ठरलं. तोवर दोन्हीकडच्या पांदणी वाळतील.