रबरी पाय आणि भाऊजींची काठी

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि 'जरा जास्तच' असे तोंडी सांगितले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

१. ही वरच्या मजल्यावरची खोली, सगळ्या रेकॉर्डसह, मुलीला. हत्यारांची पेटी जावयाला. त्याला पेचकस सरळ धरता येत नाही, पण हौस दांडगी आहे.

२. दोन स्पीकर. इथे सविस्तर लिहावे लागेल. नऊ वर्षे हे स्पीकर थेट लाकडी जमिनीवर होते. खाली माझे धाकटे दीर राहतात; घड्याळे दुरुस्त करायचे, म्हणून गल्लीत घड्याळजी. मी रेकॉर्ड लावली की ते काठीने छत ठोकत. मी हट्टाने आवाज वाढवी, ते आणखी जोरात ठोकत. शेवटी बोलणे बंद झाले. आधीच्या मृत्युपत्रात मी त्यांना फक्त एक नवी काठी ठेवली होती.

गेल्या वर्षी जुन्या पायमशीनचे दोन बिडाचे स्टँड दुकानात पडून होते. त्यांवर स्पीकर चढवले, आणि मशीनची धडधड जमिनीत उतरू नये म्हणून लावतो ते रबरी पाय स्टँडखाली बसवले. अहाहा! जमिनीची घूंघूं गेली, आणि एकाहत्तराव्या वर्षी मला कळले की माझ्या लाडक्या रेकॉर्डवर तबलजी मधेच हळूच खाकरतो! मी एकटीच नाचले. कंबर धरली, तरी नाचले.

चौथ्या दिवशी भाऊजी धापा टाकत वर आले.

"वहिनी, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग गाणी का बंद केलीत?"

"बंद कुठे? आणि ठोकायचात तर तुम्हीच!"

"अहो, मी ठेका धरायचो!"

नऊ वर्षे! मी हसता हसता खुर्चीवरून घसरले, मग रडले. हेही नोंदवून ठेवते.

आता भाऊजी रोज संध्याकाळी वर येतात. त्यांचे गुडघे दुखत असतील त्या दिवशी मी जावयाकडून स्पीकर जमिनीवर उतरवून घेते, म्हणजे त्यांना खाली ऐकू जाते.

३. म्हणून स्पीकर, स्टँड आणि आठही रबरी पाय भाऊजींचे. मात्र माझ्यामागे, भाऊजी असतील तोवर, स्पीकर याच खोलीत थेट जमिनीवर राहतील. रबराने आवाज निर्मळ होतो, हे मान्य. तरी लावू नये. मुलीने रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड लावावी. खालून काठी वाजली तर आवाज वाढवावा. वाजली नाही, तर रेकॉर्ड तशीच सोडून आधी खाली धावावे.

ठिकाण: माझी खोली. दिनांक ९ फेब्रुवारी, सोमवार.

सही: मशीनवाली

साक्षीदार:
१. समोरची शिंपीण
२. गल्लीतले डॉक्टर

भाऊजींची साक्ष वकिलांनी नाकारली. ज्याला मिळणार त्याची सही चालत नाही म्हणे. सही करताना रेकॉर्ड चालू होती, स्पीकर जमिनीवर होते. खालून ठेका आला. तो दोन्ही साक्षीदारांनी ऐकला.