तीन भाषांचा रिमोट

२ मे १९९९
टीव्ही विकला. कॉम्प्युटरात टीव्ही-कार्ड बसवलं. आता एकाच डब्यात लग्नपत्रिका, ऑफिसची टायपिंग अन् क्रिकेट. आदिलाबादेत असं डोकं दुसऱ्या कोणाचं चालत नाही. पंचफुला म्हणे, चांगला टीव्ही काऊन विकला? म्हटलं, उद्या सारं जग असंच पाहीन. म्हणे, मले जग नको, आठची सिरियल पायजे. बायको आहे, चालायचंच.

५ मे
रिमोट कूलरच्या टाकीत पडला. चूक कूलरची. झाकण नव्हतं. (झाकण मीच काढून ठेवलं होतं, पण तो वेगळा विषय.) उन्हात वाळवला. मेला.

६ मे, सकाळी
रिमोट पायजे कायले? कीबोर्डावर एवढ्या की रिकाम्या बसून राह्यल्या. रिमोटचं एकेक बटण एकेका कीवर बसवतो. व्ही म्हणजे आवाज, सी म्हणजे चॅनल. अर्ध्या घंट्याचं काम.

६ मे, संध्याकाळी
उद्या होते.

९ मे
झालं! पंचफुलानं स्वतः चॅनल बदललं. हसली बी.

१० मे
शेजारच्या डोमाजीच्या पोरीची लग्नपत्रिका मराठीत टाइप केली, मग टीव्ही लावला. व्ही ऐकेच ना. कारण लगेच पकडलं: कीबोर्ड मराठीतच राह्यला, अन् मराठीत व्ही कुठून येईन? कोणती की म्हणजे कोणतं बटण, याचा मराठीचा वेगळा नकाशा करतो. ऑफिसचं काम तेलुगूत, तर तिसरा तेलुगूचा. मामुली.

१५ मे
तिन्ही नकाशे तयार. कीवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एकच बारीक अडचण. मराठीत ज्या कीनं आवाज वाढते, तेलुगूत तिनंच टीव्ही बंद होते. पंचफुलाले बजावलं, आधी कोपऱ्यात भाषा पाय, मग दाब. पाह्यली नाही. सिरियलीत मंगळाष्टक चालू अन् टीव्ही बंद. घरात शिस्त नाही.

१९ मे
डोमाजी आला, छापलेल्या पत्रिका टेबलावर आपटल्या. पंचफुला कीबोर्डानं सिरियलचा आवाज वाढवून राह्यली होती, तवा मागं पत्रिकेची फाइल उघडीच राह्यली होती. डोमाजीच्या नावापुढं एकच अक्षर ओळभर. डोमाजी म्हणे, माह्या नावाले एवढी शेपूट कवापासून फुटली? लोकाइले टेक्निकल कळत नाही.

२० मे
पंचफुला तलमडुगुले गेली, माहेरी. म्हणे, बटण दाबल्यावर बटणाचं काम होईन तवा बोलवा. जाऊ दे. अधिक महिना आहे, सासूबाई धोंड्याच्या जेवणाले बोलवतीनच. जावयाच्या मानानं जातो अन् घेऊन येतो.

२४ मे
घरात नुसता कूलरचा आवाज. करमत नाही. कामाच्या दृष्टीनं उत्तम.

३० मे
कीबोर्डाची भाषा आपोआप ओळखणारा चौथा नकाशा केला. आता कोणतीच की काहीच करत नाही. म्हणजे तिन्ही भाषांत सारखं. मोठी प्रगती.

८ जून, तलमडुगु
बोलावणं आलं. पुरणाचे धोंडे, वरून तूप. अशा दिवशी जावयाले पाण्याचा गिलासही हातानं उचलू देत नाहीत. जेवण झाल्यावर सासरे म्हणाले, टीव्हीची चॅनल बदलायची खुंटी तुटली, पकडीनं फिरवा लागते; जावईबापू कॉम्प्युटरवाले, त्याइलेच द्या. पकड माह्या हातात. टीव्हीपाशी पाट मांडून दिला.
सासूबाई म्हणतात सिरियल, मी फिरवतो. शेजारी तेलुगूत मॅच मागतात, फिरवतो. पंचफुला बोलत बी नाही, नुसती भुवई उचलते. फिरवतो.
मग सासऱ्यानं वाण दिलं. हाच टीव्ही, पकडीसकट. पंचफुला म्हणे, आता येते उद्या. लय बरं वाटलं.
तसा माहा प्रयोग यशस्वीच म्हणा लागीन. मराठीत चालते, तेलुगूत चालते, अन् पंचफुलाले तर कीबोर्डही लागत नाही.