बसकी गाडी

दादा,

आईला टॅक्सीने दवाखान्यात नेतेय. तुझ्या लाडक्या गाडीला हात लावलेला नाही.

गाडी खाली बसवायला बुटक्या स्प्रिंगा की उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, यावर महिनाभर आमचं डोकं खाल्लंस आणि शेवटी स्प्रिंगा घालून रोजच्या वापरातल्या उंच गाडीची घोरपड केलीस. कॉइलओव्हर असते तर निदान परत वर उचलता आली असती, एवढं मलाही कळतं.

काल गतिरोधकावर गाडी आदळली, आई कळवळली आणि तू उतरून गाडीचं पोट तपासत बसलास! तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, हे विसरलास? सकाळपासून तिला उठवत नाहीये.

"त्याला काही बोलू नकोस, वाईट वाटेल त्याला," म्हणाली.

म्हणून लिहून ठेवलंय.

– धाकटी