कड्यांचा आवाज

३ जून, सोमवार
आज शर्टच्या काउंटरवरची पोर, आमची शर्टवाली, काउंटरला धरून खाली घसरली. गिऱ्हाइकानं दंड पकडला म्हणून पडली नाही. सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी बजावलंय, सतत उभं राहायचं नाही. आणि आमच्या दुकानाचा नियम असा, की काउंटरमागच्या बाईनं बसायचं नाही. गिऱ्हाइकाला आळशीपणा दिसतो म्हणे! मॅनेजरसाहेबांना सांगायला गेले, तर म्हणाले, "बसायचंच असेल तर घरी बसा."

घरी बसली की नोकरी गेली. बाळंतपणाची पगारी रजा कामावरच्या बाईला मिळते, काम सोडलेल्या बाईला नाही. तिच्या नवऱ्याचंही काम सुटलंय. रजा लागेपर्यंत तिला कसंही करून तग धरायचाय.

४ जून
पाय सुजलेत. माझे. तिच्या पायांबद्दल लिहीतच नाही.

६ जून
वरच्या मजल्यावरची आमची युक्ती लिहून ठेवते, कोण वाचणार आहे! माझं पडद्यांचं काउंटर जिन्यासमोर. साहेब वर येताना त्यांचं टक्कल सगळ्यांत आधी मला दिसतं. दिसलं की मी नमुन्याचा पडदा दांडीवरून जोरात ओढते. कड्या खर्रकन वाजतात — आणि मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर टेकलेल्या सगळ्या बायका ताठ उभ्या! साहेबांना वाटतं, माझा पडदे दाखवण्यात हात बसलाय. मालकांपुढे तारीफसुद्धा केली त्यांनी.

आता शर्टवालीसाठी डोळ्यांत तेल घालून जिन्याकडे बघत असते. विक्री कमी झाली. होऊ दे.

९ जून, रविवार
सकाळी लेकीनं खिडकीचा पडदा सरकवला आणि मी हातातल्या चहासकट उभी राहिले. नवरा हसून हसून बेजार. मला नाही हसू आलं.

१३ जून
खुर्च्या आल्या!

नवा कायदा झालाय. दुकानात उभ्यानं काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा द्यायची. प्रत्येक काउंटरमागे एक खुर्ची, प्लास्टिकसकट. प्लास्टिक काढायचं नाही. साहेबांनी आम्हाला गोळा करून समजावलं — तपासणीच्या बाई येतील तेव्हा बसायचं, त्या गेल्या की उठायचं. टॉवेलवालीनं विचारलं, एरवी खुर्चीवर टॉवेल ठेवू का? साहेबांना चेष्टा कळली नाही. ठेवा म्हणाले.

१८ जून
तोंडघशी पडले. सगळ्यांना घेऊन पडले.

तपासणीच्या बाई आल्या आज. आम्ही सांगितल्याप्रमाणे बसलो होतो. शर्टवालीनं तर पाठ टेकून डोळे मिटले होते. इतक्यात जिन्यात टक्कल दिसलं, आणि माझा मेला हात गेलाच पडद्याकडे. खर्रकन! सगळ्या उभ्या.

बाई वर येऊन बघतात तर खुर्च्या रिकाम्या आणि बायका रांगेनं उभ्या. साहेब आधी गोरेमोरे झाले, पण लगेच सावरले. हसत म्हणाले, "बघा, आम्ही दिल्यात खुर्च्या. यांनाच बसवत नाही." बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. त्या पोरीची खुर्ची मीच घालवली. रडूच येत होतं, पण गिऱ्हाईक समोर.

मग बाईंनी कसलेसे परवाने मागितले. ते आणायला साहेब खाली गेले. साहेबांची पाठ वळताच आमच्या बायका पुन्हा टेकल्या — गठ्ठ्यांवर! खुर्च्या तशाच कोऱ्या. बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. मघाशी वाजलेल्या कड्यांकडे बघितलं, पडदा चाचपला, कापड चांगलं आहे म्हणाल्या. आणि दांडीवरून जोरात ओढला.

सगळ्या उठल्या. शर्टवाली पोटाखाली हात धरून, सगळ्यांत शेवटी.

जिन्यात कुणीच नव्हतं.

बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला हळू आवाजात विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"पडदे विकायला लागले तेव्हापासून," मी म्हटलं.

२४ जून
हुकूम आला. खुर्च्या राहणार, बसल्याबद्दल कुणाला बोलायचं नाही, बोललं तर दंड. बाई न कळवता पुन्हा येणार आहेत. साहेब आमच्याशी बोलत नाहीत. बरंच आहे!

शर्टवालीनं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडलं. मग बसली, आणि बसल्या बसल्या तीन शर्ट विकले. म्हणाली, "मावशी, आता निभेल हो."

२६ जून
टॉवेलवाली अजून गठ्ठ्यावरच बसते. खुर्चीत अवघडल्यासारखं होतं म्हणे.

११ जुलै
शर्टवाली कालपासून रजेवर. पगारी! घरी जाऊन आधी लेकीला सांगितलं.

आज दुपारी साहेब वर आले. कुणी उठलं नाही. ते माझ्या काउंटरपाशी घुटमळले. चेहरा ओढलेला. खाली गल्ल्यावर खुर्ची एकच, मालकांची. साहेब दिवसभर तिच्या शेजारी उभे. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं कधी पाहिलंच नाही, हे आज लक्षात आलं.

जिन्याकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, मालक वर यायला लागले तर... तो पडदा ओढाल का जरा?"

आणि शर्टवालीच्या खुर्चीवर बसले. अगदी कडेला.